फिलूमावशीची अर्धी बाटली

फोन फिलूमावशीच्याच नंबरावरून आला होता, म्हणून मी उचलताक्षणी नेहमीसारखं म्हटलं, "बोला शास्त्रज्ञ!" पण पलीकडून तिच्या नवऱ्याचा, ग्रेगरीकाकांचा आवाज आला, "मानसी... मी बोलतोय, काका. फिलू गेली गं." सकाळी मोगरा खुडताना "जरा बसते" म्हणून ती वाफ्याच्या कडेला टेकली आणि पुन्हा उठलीच नाही. हृदयाने दगा दिला, असं डॉक्टर म्हणाले. मी वालीवच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये उभी होते, समोर ब्युरेटची काचेची नळी भरलेली, थेंबाथेंबाने मोजायचं टायट्रेशन मध्यावर आलेलं. फोन ठेवला आणि ते टायट्रेशन पूर्ण केलं. रीडिंग लिहिलं, ब्युरेट धुतली, मगच साहेबांना सांगून निघाले. ऐकणाऱ्याला हे दगडाच्या काळजाचं वाटेल. पण अर्धं टायट्रेशन टाकून मी तिच्या दारात गेले असते तर तिने शवपेटीतून उठून मला परत पाठवलं असतं, याची मला खात्री होती. त्या गोष्टीला आता महिना होऊन गेला. लिहायला बसले की हसूच आधी येतं, रडू त्याच्या मागून येतं. त्याला माझा इलाज नाही, ती होतीच तशी.

आमची ओळख कॉलेजच्या पहिल्या दिवशी, प्रॅक्टिकलच्या दारात झाली. पन्नाशी ओलांडलेली एक बाई, केसात अबोलीचा गजरा, अंगावर नवाकोरा पांढरा कोट, आणि आमच्या सरांनी तिला अदबीने सांगितलेलं, "पालकांनी कृपया बाहेर थांबावं." ती म्हणाली, "सर, मी पालक आहे, पण माझी मुलगी आता दुबईला असते. इथं मी स्वतःसाठी आलेय." सरांनी हजेरीपटात नाव शोधलं, ते सापडलं. वर्गात खसखस पिकली. एकच जागा रिकामी होती, ती माझ्या शेजारची. मी विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, मोठ्या बायकांना आंटी म्हणायची सवय. "आंटी, बसा ना," म्हटलं तर ती बसता बसता म्हणाली, "आंटी म्हणालीस तर बेंच बदलीन हां मी." म्हणून ती फिलूमावशी झाली, आधी माझी आणि आठवड्याभरात सगळ्या वर्गाची. खरं नाव फिलोमिना, पण ते फक्त हजेरीपटापुरतं.

तिची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. माणिकपूरहून रिक्षा पश्चिमेला वळली की इमारती संपून वाड्या लागतात, तिथल्या एका जुन्या ख्रिस्ती बागायतदार घरातली ती सून. लग्नाआधी ती रसायनशास्त्रच शिकत होती आणि थेट शेवटच्या वर्षाला पोहोचली होती. वर्षाच्या मध्यावर लग्न ठरलं. सासरी सासरे अंथरुणाला खिळलेले, वाडीत केळी, मोगरा, चाफा. सगळे म्हणाले, "पुढच्या वर्षी पूर्ण कर." सगळ्यांचं म्हणणं प्रेमाचंच होतं. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. मुलगी झाली, सासरे गेले, विहिरीवर मोटर बसली, मुलीचं लग्न झालं. मग एके दिवशी जेवणाच्या टेबलावर तिने जाहीर केलं की मी कॉलेजात जाणार, आणि पहिल्या वर्षापासून जाणार, कारण जुनं वर्ष आता कोणी मोजत नाही. ग्रेगरीकाकांनी ताटातून मान वर करून एवढंच विचारलं, "डबा कोणाचा कोण करणार?" "आपापला," ती म्हणाली. काका पुढे उत्तम डाळ करायला शिकले, हे मी खाऊन सांगते आहे.

शेवटच्या वर्षी आम्हाला जोडीने एक संशोधन प्रकल्प करायचा होता. तो वर्षाअखेर सादर केला नाही तर वर्ष वाया. माझ्या डोक्यात भारीभारी विषय होते, नॅनो हा शब्द ज्यात आहे असा कुठलाही चालला असता. मावशी म्हणाली, "आमच्या बावेचं पाणी मचूळ लागतंय अलीकडे. ते का, ते बघूया." बाव म्हणजे त्यांच्याकडे विहीर. मला विषय फारच घरगुती वाटला, पण तिच्यापुढे वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. ठरलं. खाडीच्या बाजूपासून रस्त्यापर्यंत ओळीने विहिरी निवडायच्या, पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि त्यातला खारेपणा सिल्व्हर नायट्रेट टाकून मोजायचा. क्रोमेट घालून पिवळ्या केलेल्या पाण्यात ते थेंब थेंब सोडत जायचं. पाणी आधी गढुळतं, मग एका थेंबाला किंचित लाली धरतं, तिथे हात थांबवायचा. नेमकी कुठे लाली धरते यावर आमची रोज जुंपायची. मी घाईची, मला ती आधीच दिसायची. मावशी म्हणायची, "थांब गं, वरणात तिखटाची पहिली चिमूट पडल्यासारखं दिसलं पाहिजे." सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागलं की उन्हात डाग काळे पडतात आणि साबणाला दाद देत नाहीत. हातमोजे घाल म्हटलं तर थेंबाचा अंदाज जातो म्हणायची. तशाच काळ्या बोटांनी ती भाच्याच्या लग्नात यजमानीण म्हणून मिरवली. कोणीतरी विचारलं, "केस काळे केलेस काय?" तर म्हणाली, "नाही, बाव तपासली."

कॉलेजच्या कपाटात जागा नव्हती, म्हणून उरलेल्या पाण्याच्या बाटल्या मावशीच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या फळीवर राहायच्या. सरांचा नियम होता की प्रत्येक विहिरीचं रीडिंग काही दिवसांनी पुन्हा घ्यायचं, दोन्ही जुळली तरच खरं मानायचं. पहिली रीडिंग छान आली. खाडीकडच्या विहिरी खारट, रस्त्याकडच्या गोड, मधल्या मधल्या. पुढच्या खेपेला त्याच बाटल्यांतलं पाणी तपासलं तर सगळ्यांचाच खारेपणा उतरलेला. तिसऱ्या खेपेला आणखी उतरलेला. खाडीच्या तोंडावरची विहीर आता चहाला चालली असती! आम्ही सिल्व्हर नायट्रेट नवं केलं, काचसामान धुऊन धुऊन हात सुरकुतले, तरी विहिरी आपल्या दिवसेंदिवस गोड होत चाललेल्या. मला तर वेड लागायचं बाकी होतं. मी लगोलग सिद्धांत मांडला की मीठ बाटलीच्या भिंतीला चिकटतं. त्यावर दोन पानं लिहिली, आकृती काढली, आकृतीत बाणसुद्धा दाखवले. मावशीने ती वाचली आणि म्हणाली, "इतकं सोपं असतं तर लोकांनी समुद्र बाटलीत भरून गोड केला असता." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

सरांनी मात्र आकडे पाहून चष्मा काढला. ते माणूस म्हणून चांगले, पण वर्ष संपत आलेलं. "हे असं सादर करता येणार नाही," ते म्हणाले. "कुठे चुकतंय ते कळत नाही तोवर यातला एकही आकडा खरा नाही. मानसी, तुला मी दुसऱ्या गटात घेतो, त्यांचं काम झालेलं आहे. आणि मावशी, तुम्ही... तुम्हाला कुठे नोकरीची घाई आहे? पुढच्या वर्षी निवांत पूर्ण करा." मी तिच्याकडे पाहिलं. तिने आकड्यांची वही मिटली. मग सावकाश म्हणाली, "सर, पुढचं वर्ष मी एकदा बघितलंय." सरांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांना अर्थ लागला नाही. मला लागला. दुसऱ्या गटात जायला मी तिथल्या तिथे नकार दिला. त्यात माझा मोठेपणा काही नव्हता, मला फक्त त्या वाक्याचा राग आला होता, आणि राग आला की मला बरं सुचतं.

तिच्या घरी गेलो ते बाटल्या ओतून, धुऊन पहिल्यापासून सुरुवात करायला. दुपारची वेळ, फळीवर ऊन आलेलं, आणि त्या उन्हात बाटल्या कशा लख्ख दिसत होत्या. मी एक उचलली. काठोकाठ भरलेली. दुसरी उचलली, तीही काठोकाठ. आम्ही दर खेपेला निम्मं पाणी काढून घेतलेलं, आणि बाटल्या भरलेल्या! आजवर घाईघाईत पाणी काढून नेताना हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. बुचं लावलेली, अंग पुसलेलं. मी आणि मावशी एकमेकींकडे बघत असताना दारात तिच्या सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. ऐंशी पार केलेल्या, लाल लुगड्यातल्या, काठीचा आधार फक्त रागावताना घेणाऱ्या. त्यांची बोली मला निम्मीच कळायची, पण त्या दिवशीचं सगळं कळलं. "अर्दी बाटली घरान ठेवू नय," आजी म्हणाल्या. "बरकत जाते. तुमी रोज अर्द्या करून ठेवता, मी नळाचं चांगलं पानी भरते." चेहऱ्यावर असा भाव, की आभार कसले मानता, घरचंच काम आहे.

मला रडू फुटलं. सगळे आठवडे वाया, माझा सिद्धांत वाया, बाणसुद्धा वाया. मावशीने आधी तोंडावर पदर धरला, मग भिंतीला टेकली, मग सरळ खाली जमिनीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. "अहो आई," ती म्हणाली, "कॉलेजात आम्हाला तीन वर्षं शिकवतात ते पाणी घालून पातळ करणं तुम्ही रोज करत होतात, आणि आम्हाला पत्ता नाही!" हसू ओसरल्यावर तिने सासूबाईंना जवळ बसवून समजावलं. ही बाटली अर्धी ठेवतात ती चुकून नाही. आपण काढलेलं रीडिंग बरोबर आहे का, हे दुसऱ्या कोणाला पुन्हा तपासता यावं म्हणून अर्धं पाणी मुद्दाम मागे ठेवायचं असतं. आजींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता मास्तर काय म्हंते?" मावशी म्हणाली, "पुढच्या वर्षी करा म्हणतात." आजींनी काठी हातात घेतली. "पुडच्या वरसा नाय," त्या म्हणाल्या. "मागं म्या म्हनले ते पुरे झालं. ह्याच वरसा."

पण रीत ती रीत. अर्ध्या बाटल्या घरात ठेवायला त्यांचं मन काही धजेना. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. पडवी म्हणजे काही घर नव्हे, तेव्हा बाटल्या पडवीत राहतील आणि त्यांच्यावर लक्ष आजी स्वतः ठेवतील. झालं, पडवीत खुर्ची आली. पाणी मागायला आलेल्या पाहुण्यालाही "तिकडं हात लावू नको" असा आधी दम मिळायचा. आम्ही दोघी पुन्हा विहिरी पालथ्या घालत फिरलो. वेळ कमी, म्हणून एकाच दिवशी काही विहिरींचं पाणी सकाळी घ्यावं लागलं, काहींचं संध्याकाळी. आणि तिथेच गंमत झाली. मावशीच्या विहिरीचं पाणी आम्ही सकाळी घेतलेलं, पण ते सांडलं म्हणून संध्याकाळी पुन्हा घेतलं, तर चव बदललेली. मावशीने चूळ भरून टाकली आणि म्हणाली, "हे आमचं पाणी नव्हे." मग आम्ही सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचं मोजायला लागलो. सकाळी मोटर लागण्याआधी विहीर गोड, दिवसभर उपसा झाला की संध्याकाळी मचूळ. गोडं पाणी हलकं, ते वर असतं. उपसून उपसून वरचं संपलं की खालचं खारं वर येतं. पुस्तकात हे होतंच, पण आपल्या आकड्यांत ते उमटलेलं पाहणं वेगळं. या वेळी दुसऱ्यांदा घेतलेलं प्रत्येक रीडिंग पहिल्याला जुळलं. शेवटचं जुळलं तेव्हा मावशीने भर लॅबमध्ये माझा गालगुच्चा घेतला, आणि मी दिवसभर गालावर काळं बोट घेऊन हिंडले.

अहवाल लिहिताना सर म्हणाले, पहिली फसलेली फेरी गाळा, कशाला दाखवायची? मावशी ऐकेना. "ती गाळली तर दुसरी का केली ते कसं कळणार?" तिने एक अख्खं प्रकरण त्यावर लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई भलत्या कडक होत्या. आमच्या आधीची जोडी रडत बाहेर आलेली. बाईंनी पानं चाळली, मावशीकडे चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "पहिल्या फेरीतल्या चुकीचं मूळ काय होतं?" मावशी ताडकन म्हणाली, "सासू." मग तिने फळ्यावर सगळं मांडलं. अर्धं पाणी काढलं, अर्धं घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा घातलं, तर दर खेपेला खारेपणा किती उतरायला हवा ते गणिताने काढून दाखवलं आणि आमच्या फसलेल्या आकड्यांशी ते जुळवून दाखवलं. म्हणजे आजींनी किती इमानाने बाटल्या भरल्या होत्या, तेसुद्धा सिद्ध झालं! परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "सासूबाईंना माझा नमस्कार सांगा," त्या म्हणाल्या. त्यांना हसताना आमच्या सरांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं म्हणे.

निकालात आमचा प्रकल्प वर्गात पहिला आला. मावशी घरी पोहोचली तेव्हा फाटकात तिचा भाचा ट्रम्पेट घेऊन उभा होता, लग्नात वाजवणाऱ्या बँडमधला तो. मागे ढोलवाला. शेजारीपाजारी पडवीत. तिच्या स्वतःच्या लग्नाला नव्हता वाजला एवढा बँड तिच्यासाठी वाजला, आणि ती काळ्या बोटांनी तोंड झाकून नवरीपेक्षा जास्त लाजली. पदवीदान समारंभाला आजी त्याच लाल लुगड्यात पहिल्या रांगेत. नाव पुकारल्यावर टाळ्या थांबल्या तरी त्यांची काठी जमिनीवर वाजतच होती. कोणीतरी शुक् केलं. त्या वळून म्हणाल्या, "माजी सून हाय." पुढे कोणी शुक् केलं नाही. वाडीत आता मोटर थांबवून थांबवून चालवतात, विहिरीला दम खाऊ देतात. ते मावशीचं ऐकून सुरू झालं, आणि त्या गोड्या पाण्यावर पोसलेला मोगरा मी याच वर्षी तिच्या हातून घेतला होता.

गेल्या रविवारी तिची महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना होती. चर्चमधून घरी गेलो. माझ्या मनात एकच खुपत होतं. एमएस्सीला प्रवेश घ्यायचं तिने ठरवलं होतं, माझ्याकडून पुस्तकंही नेली होती. जिला अर्धं ठेवणं माहीत नाही तिचं हे अर्धं राहिलं... मी ते काकांपाशी बोलले. उत्तर आजींनी दिलं, पण तोंडाने नाही. त्या उठल्या आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे आल्तारावर, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यावर, येशूच्या तसबिरीशेजारी, मेणबत्तीच्या उजेडात एक बाटली होती. त्यांच्या विहिरीची, सकाळच्या पाण्याची. पडवीत नव्हे, घरात, घराच्या काळजात, आणि निम्मी. बूच घट्ट, त्यावर मावशीच्या अक्षरातली चिठ्ठी, विहिरीचं नाव आणि रीडिंग. "भरली न्हाय," आजी म्हणाल्या. "अर्दी म्हंजे ऱ्हायलेली नसते, दुसऱ्यानं तपासाया ठेवलेली असते. तिनंच सांगितलंय मला." मग ती बाटली त्यांनी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. "तू तपास."

दुसऱ्या दिवशी वालीवला जेवणाच्या सुट्टीत साहेबांची परवानगी घेऊन मी ती तपासली. हातमोजे घातले नाहीत. घाई केली नाही, वरणात तिखटाची पहिली चिमूट दिसेपर्यंत थांबले. रीडिंग घेतलं आणि चिठ्ठी पाहिली. तेच. थेंबाचाही फरक नाही. मी एकटीच लॅबमध्ये मोठ्याने हसले, आणि मग बराच वेळ रडले. डोळे पुसून काकांना फोन लावला, तर तो आजींनीच घेतला.

"काय आलं गो?"

"तेच आलं, आजी. मावशीचं बरोबर होतं."

पलीकडे काठी एकदा जमिनीवर वाजली. मग आजी म्हणाल्या, "मंग बाटली आनून दे माजी. आनि वाटेत भरू नको."